वाळू मिळेना, घर दुरुस्त करायचंय : आधी मोजा, मग पाडा



या महिन्याचा पाठ घराच्या दुरुस्तीचा आहे. गेल्या काही बैठकांतले कर्जमागणीचे अर्ज पाहिले तर शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं यांच्या बरोबरीनं ‘घरदुरुस्ती’ हे कारण दिसतंय. आणि त्याच बैठकांत दुसरं एक वाक्य ऐकू येतं, "पैसे उचललेत, पण वाळूच नाही." पैसे पडून, काम बंद आणि हप्ता मात्र सुरू. म्हणून हा पाठ. एकीनं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी वही-पेन्सिल घेऊन बसावं. कोणाकडे शिवणकामाची टेप असेल तर तीही आणा, लागणार आहे.

आधी माझंच सांगते. आमचं घर दगड-मातीच्या भिंतीचं, वर माळवद. मागच्या खोलीच्या भिंतीला पोट सुटलं होतं. मी गटातून शेकडा एक रुपया व्याजानं ६०,००० रुपये उचलले. गवंडी मामा म्हणाले, "वहिनी, दोन ब्रास वाळू लागंल. ती येईल. तुम्ही तोवर भिंत उतरवून ठेवा." अक्षय तृतीयेचा मुहूर्त चांगला म्हणून त्याच दिवशी आम्ही भिंत उतरवली. वाळूवाल्याला १२,००० रुपये आगाऊ दिले, पावती नाही काही नाही. आठ दिवसांत येतो म्हणाला. मग कळलं, उपसा बंद झालाय. जून उजाडला. माळवद लाकडी खांबांवर होतं म्हणून ते तरी जागेवर राहिलं, पण मागची बाजू सगळी उघडी. ताडपत्री बांधून आम्ही चार महिने काढले. ज्वारीची पोती पुढच्या खोलीत, सासूबाईंची बाज पोत्यांना खेटून. पहिल्याच महिन्याला ६०० रुपये व्याज भरलं, तेही न झालेल्या कामाचं. वाळू आली दिवाळीनंतर, आणि दर ब्रासमागे २,००० नं वाढलेला.

हे सगळं सांगितलं कारण त्यातली खरी चूक मला फार उशिरा कळली. ती पुढे येईल.

वाळू का मिळत नाही?

"मुद्दाम बंद केलीय" असं गावात बोललं जातं. थोडी कारणं समजून घेऊ, म्हणजे कधी मिळेल याचा अंदाज लावता येतो.

पावसाळ्यात, १० जून ते ३० सप्टेंबर, आपल्या राज्यात नदीतून वाळू काढायला बंदी असते. हे दरवर्षीचं आहे, यात अचानक असं काही नाही. दुसरं, २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वाळूचा पट्टा लहान असला तरी पर्यावरणाची परवानगी घ्यावीच लागेल. ती परवानगी, मग लिलाव, यात कधी कधी उन्हाळा निघून जातो. तिसरं कारण नदीतच आहे. मांजरेवर धनेगावला धरण, तेरणेवर माकणीला धरण. वरून येणारी वाळू धरणात अडते, खाली नवी वाळू कमी येते, आणि आपण मात्र दर वर्षी उपसतो. वाळू ही नदीची पाणी धरून ठेवणारी गादी आहे. ज्यांच्या विहिरी नदीकाठी आहेत त्या बायांना हे कोणी शिकवायची गरज नाही. वाळू गेली त्या पट्ट्यातल्या विहिरी आधी आटतात.

म्हणजे वाळूची टंचाई जाणार नाही. तिच्यासोबत काम करायला शिकावं लागेल.

रात्री येणारा ट्रॅक्टर स्वस्त पडतो, हे मला माहीत आहे. पण तो वाटेत पकडला तर ट्रॅक्टर जप्त, तुमचे पैसे अडकले आणि तक्रार करायला तोंड नाही. वाळू घेताना वाहतूक पास मागा, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. ज्यांना घरकुल मंजूर आहे त्यांच्यासाठी राज्याच्या २०२५ च्या धोरणात ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूद आहे. तहसील कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, कोणत्या ठिकाणाहून मिळेल, वाहतूक कोणी करायची. एकटीनं जाऊ नका, चौघी-पाच जणी जा. घरकुलाचा पुढचा हप्ता काम पुढे सरकल्यावरच पडतो, म्हणून वाळूविना जोत्यावर अडकलं की पैसेही अडकतात.

काय थांबू शकतं आणि काय नाही

कागदावर घराची सगळी कामं लिहा. मग प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न विचारा : हे या पावसाळ्यात केलं नाही तर काय होईल?

गळणारं छप्पर, पोट सुटलेली किंवा कललेली भिंत, उघड्या पडलेल्या वायरी, जोत्याशी साचणारं पाणी ही कामं थांबत नाहीत. बाहेरचा गिलावा, ओट्याची फरशी, कंपाउंड, रंग, पुढचा पडवीचा स्लॅब हे सगळं एक-दोन वर्षं थांबलं तरी कोणाच्या अंगावर पडत नाही.

आपलं नेमकं उलटं होतं. घरात लग्न ठरलं की आधी दर्शनी भिंतीला गिलावा आणि रंग. पाहुणे पुढून येतात ना. मागं माजघराची भिंत कलली तरी ती कोणाला दिसत नाही. मी कोणाला नावं ठेवत नाही, आमच्याही घरी हेच झालं होतं. पण वाळू दोनच घमेली असेल तर ती पुढच्या भिंतीच्या तोंडाला लावायची की मागच्या भिंतीच्या पोटाला, हे घरात बसून ठरवा. आणि तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात नको, बोलणीत असायला हवं.

काही महत्त्वाची कामं वाळूशिवाय होतात हेही लक्षात घ्या. जोत्याभोवती मुरूम टाकून उतार काढणे, पन्हळ बसवणे, पत्रे बदलणे आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून बोल्टानं घट्ट करणे, कुजलेली तुळई बदलणे, दारं-खिडक्या. आतल्या भिंतींना शेण-मातीचा गिलावा चालतो, आपल्या आज्यांनी जन्मभर तोच केला. वाळूची वाट बघत बसण्यापेक्षा ही कामं उरकून घ्या.

माळवदाचं थोडं सविस्तर

आपल्या भागात हा विषय टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. सुमारे आठ हजार माणसं गेली, आणि बरीचशी गेली ती घराच्याच दगड-मातीखाली.

एक हिशेब करू. १० फूट बाय १२ फूट खोली, माळवदावर एक फूट मातीचा थर. म्हणजे १२० घनफूट माती. दाबून बसलेली माती घनफुटाला ४५ किलो धरली तरी ५,४०० किलो होतात. पाच टनांच्या वर वजन आपल्या डोक्यावर, आणि पावसात भिजली की आणखी जास्त. दर उन्हाळ्यात गळू नये म्हणून आपण वर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकतो, जुना मात्र कोणी काढत नाही. वर्षानुवर्षं थर चढत जातात.

म्हणून माळवदाची पहिली दुरुस्ती म्हणजे वजन उतरवणे. याला एक घमेलंभरही वाळू लागत नाही. आधी खालून तुळयांना टेकू द्या. जाणकार माणूस जवळ असू द्या. मग वरची माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवा, एकाच बाजूची एकदम नको. लाकूड तपासा, वाळवी लागली असेल तर बदला. पुन्हा थर द्यायचा असेल तर खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरून पातळ थर द्या. नाहीतर सरळ पत्रे घाला. पत्र्यानं उन्हाळ्यात तापतं हे खरं, पण पाच टन डोक्यावरून जातात.

दगडी भिंतीला पोट का सुटतं तेही बघा. आपली जाड भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, आतली आणि बाहेरची, मध्ये दगडांचा चुरा आणि माती. या दोन्हींना बांधून ठेवणारे लांब दगड, म्हणजे एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत पोचणारे, नसतील तर पाणी मुरलं की त्या एकमेकींपासून सुटतात. भिंत पुन्हा रचताना असे लांब दगड ठरावीक अंतरानं घालायला गवंड्याला सांगा. कोपऱ्यात तर हवेतच. दगड तुमच्या जुन्या भिंतीतलेच वापरा. त्याला पैसे पडत नाहीत, फक्त उतरवताना फेकून देऊ नका, आकारानुसार ढीग करा.

आणि एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. दगड-मातीच्या जुन्या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब टाकू नका. "एकदाचा स्लॅब पडला की झालं" असं पुष्कळ जण म्हणतात. त्या भिंती तो भार हलल्यावर धरत नाहीत. किल्लारीनंतर घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीच्या कामात गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून घरोघर फिरल्या होत्या. त्यांच्यातल्या कोणी तुमच्या गावात असतील तर त्यांना बैठकीला बोलवा. पुस्तकापेक्षा जास्त सांगतील.

मोजणं अवघड नाही

आता टेप काढा. वाळूचं माप ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आली की उतरवण्याआधी मोजा : लांबी गुणिले रुंदी गुणिले वाळूची उंची, सगळं फुटात. १० फूट लांब, ६ फूट रुंद, दीड फूट उंच भरली असेल तर ९० घनफूट झाले. पैसे मात्र एका ब्रासचे मागतात. शिवाय ओलसर वाळू फुगते, कोरडीपेक्षा पाचव्या हिश्शानं किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे ओली ट्रॉली भरलेली दिसते, पण आत वाळू कमी. मोजताना बाईला बघून हसतात. हसू द्या.

कामाला किती लागते त्याचे साधारण आकडे देते. भिंती ओबडधोबड असतील तर थोडं जास्त धरा.

विटांचं बांधकाम १०० घनफूट असेल तर वाळू साधारण ३० घनफूट. आतल्या भिंतीचा अर्धा इंच गिलावा १०० चौरस फूट असेल तर वाळू ६ घनफूट आणि पाऊण पोतं सिमेंट. दगडी भिंतीवर गिलावा जाड बसतो, तिथे दुप्पट धरा. स्लॅबचं काँक्रीट १०० घनफूट असेल तर वाळू ४२, खडी ८४ घनफूट आणि सिमेंट २३ पोती.

आता माझी चूक सांगते. पुढच्या वर्षी घरकुलाच्या कामाला आलेले अभियंता आमच्या ओट्यावर चहाला थांबले. मी सहज विचारलं. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर पाच मिनिटांत मांडलं. माझी मागची भिंत १२ फूट लांब, ९ फूट उंच, ९ इंच विटेची. १२ गुणिले ९ गुणिले पाऊण म्हणजे ८१ घनफूट बांधकाम. वाळू साधारण २५ घनफूट. पाव ब्रास! सिमेंट चार पोती.

दोन ब्रासचा आकडा आला कुठून? गवंडी मामांनी त्यात स्लॅब धरला होता, चारही भिंतींचा गिलावा, कोबा, पुढचा ओटा, आणि वर "असू द्या जरा". त्यांचीही चूक म्हणणार नाही, त्यांना सगळं काम एका दमात हवं असतं. पण पावसाळ्यापूर्वी मला फक्त ती एक भिंत हवी होती. पाव ब्रास म्हणजे पन्नास-साठ घमेली. तेवढी वाळू तर आमच्या गल्लीतच होती. जावेच्या दारात संडासाच्या कामातून उरलेली, शेजारच्या काकूंकडे कोंबड्या उकरत बसतात तो ढीग, आणखी दोन घरी. मी दोन ब्रासची वाट बघत चार महिने ताडपत्रीखाली बसले, आणि लागणारी वाळू रोज ओलांडून पाण्याला जात होते.

नदीची नाही मिळाली तर

क्रशरची वाळू, म्हणजे क्रश सँड, आता सगळीकडे वापरतात. भारतीय मानकातही तिला मान्यता आहे. पण क्रशरवर मिळणारी कच किंवा डस्ट म्हणजे क्रश सँड नव्हे. कचमध्ये भुकटी फार असते, पाणी जास्त ओढते, वाळल्यावर तडे जातात. स्वस्त म्हणून कच गळ्यात मारली जाते. धुतलेली क्रश सँड मागा. गवंड्यांची तक्रार असते की गिलाव्याला ती हाताला खरखरीत लागते. मग बांधकाम आणि काँक्रीटला क्रश सँड वापरा, आणि जी थोडी नदीची वाळू आहे ती बारीक चाळून गिलाव्यासाठी राखून ठेवा.

नदीच्या वाळूत माती किती आहे ते घरी बघता येतं. काचेच्या सरळ बाटलीत चार बोटं वाळू घाला, वर मिठाचं पाणी ओता, तोंड बंद करून खूप हलवा आणि तीन तास हलवू नका. खाली वाळू बसेल, वर गाळाचा थर. वाळू १० सेंटिमीटर असेल तर गाळ ८ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण पेन्सिलीच्या जाडीपेक्षा, जास्त नको. जास्त असेल तर ट्रॉली परत पाठवा किंवा वाळू धुवा.

सिमेंटबद्दल उलटं लक्षात ठेवा. भाव वाढणार म्हटलं की लोक पोती आणून टाकतात. वाळू वर्षभर पडली तरी बिघडत नाही, सिमेंट बिघडतं. तीन महिन्यांत त्याची ताकद पाचव्या हिश्शानं कमी होऊ शकते, दमट जागेत लवकर. पोत्यावर छापलेला आठवडा-वर्ष बघून घ्या. भिंतीपासून फूटभर लांब, फळ्यांवर रचा, वर प्लास्टिक. वाळू दारात पडली की मगच सिमेंट आणा.

मिश्रण घमेल्यानं अंदाजे टाकू देऊ नका. १२ इंच लांब, १२ इंच रुंद, १५ इंच उंच असा लाकडी डबा बनवून घ्या. तो एक डबा म्हणजे एक पोतं सिमेंट. एकास सहा म्हटलं तर असे सहा डबे वाळू. गटासाठी एकच डबा पुरतो, घरोघर फिरवा.

पाण्याचंही नियोजन हवं. बांधकाम झाल्यावर निदान सात दिवस, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात दहा दिवस, ते ओलं राहायला हवं. मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर चार भिंतींचा गिलावा काढला तर पाणी कोण मारणार? आपणच, डोक्यावरून. म्हणून पावसाळ्यापूर्वी फक्त गरजेची भिंत, त्यावर ओली गोणपाटं. गिलावा आणि कोबा दसऱ्यानंतर. तेव्हा विहिरीला पाणी असतं आणि वाळूचा उपसाही सुरू व्हायची वेळ असते.

कर्ज कसं उचलायचं

माझ्या प्रकारानंतर आमच्या गटानं ठराव केला, तो तुम्हीही चर्चेला घ्या. घरदुरुस्तीचं कर्ज एकदम द्यायचं नाही. पहिला टप्पा थांबू न शकणाऱ्या कामापुरता. माल दारात आला, दोघींनी जाऊन मोजला, की रक्कम. दुसरा टप्पा पहिलं काम झाल्यावर. मी ६०,००० ऐवजी आधी २०,००० उचलले असते तर महिन्याचं व्याज ६०० च्या जागी २०० पडलं असतं, आणि काम तेवढंच झालं असतं.

काही जणी या ठरावावर रागावल्या. "आमच्यावर विश्वास नाही का?" असं म्हणाल्या. बरोबर आहे त्यांचं, पैसे आपलेच असतात आणि तपासणी कोणालाच आवडत नाही. शेवटी असं ठरलं की अध्यक्ष-सचिवांच्या घरालाही हाच नियम, तेव्हा मान्य झालं.

वाळूवाल्याला आगाऊ पैसे द्यायचेच असतील तर भाड्यापुरते द्या, आणि साध्या कागदावर लिहून घ्या : किती ब्रास, काय दर, कोणत्या तारखेपर्यंत, नाही आली तर पैसे कधी परत. सही घ्या. सही द्यायला जो का-कू करतो त्याची वाळू येणार नाही असं समजा.

बैठकीत करायचं काम

ज्या ताईंचा घरदुरुस्तीचा अर्ज आहे त्यांच्या घरी सगळ्या जणी जा. सर्वांत धोक्याची एकच जागा शोधा, ती टेपनं मोजा आणि वरच्या आकड्यांवरून त्या कामाला लागणारी वाळू काढा. मग परतताना गल्लीत कोणाच्या दारात किती वाळू पडून आहे ते सचिवांनी वहीत लिहावं. घेतलेली वाळू डब्यानं मोजून घ्यायची आणि दिवाळीनंतर तेवढेच डबे परत करायचे. आमच्या गटाच्या वहीत हे पान ‘वाळू-उसनवारी’ नावानं आहे. सध्या त्यात माझे अकरा डबे येणे बाकी आहेत.